वडिलांनी लावलेले वन आणि ठेकेदाराचा प्रस्ताव

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): वडिलांच्या निधनानंतर आम्हा दोघा भावंडांकडे सुमारे 6 हेक्टरचे खासगी वन आले आहे. ओढ्याकाठच्या निम्म्या भागात पूर्वापार मिश्र रान आहे. उरलेल्या निम्म्या भागात आधी शेती होती. तिथे वडिलांनी सुमारे 35 वर्षांपूर्वी एकाच जातीची झाडे लावली आणि त्यानंतर त्यांना कधी हात लावला नाही. आता एका लाकूड ठेकेदाराने दोन्ही भागांतील ‘फक्त मोठी झाडे’ उक्ती विकत घेण्याचा प्रस्ताव दिला आहे. लहान झाडे राहतील, त्यांना ऊन मिळेल आणि 15 वर्षांत वन पुन्हा उभे राहील, असे तो सांगतो. धाकट्या भावाला पैशांची गरज आहे आणि त्याला हे पटते. मला मात्र एकही झाड तोडणे हा वडिलांचा विश्वासघात वाटतो. वन निसर्गावर सोडून द्यावे, असे माझे मत आहे. यावरून आमचे बोलणे जवळजवळ थांबले आहे. ठेकेदाराने महिनाअखेरीपर्यंत उत्तर मागितले आहे. काय करावे?

उत्तर:

प्रथम त्या मुदतीबद्दल लिहितो. जी झाडे 35 वर्षे उभी आहेत, त्यांच्याबाबत एका महिन्यात निर्णय घेण्याचे कोणतेही कारण वनाच्या बाजूने दिसत नाही. कीड झपाट्याने पसरत असेल किंवा वादळाने झाडे आडवी झाली असतील, तर घाई समजण्यासारखी आहे. तसे काही तुमच्या पत्रात नाही. ही मुदत ठेकेदाराच्या सोयीची आहे आणि ती पाळण्याचे बंधन तुमच्यावर नाही. उभे झाड वाढत राहते, एक-दोन वर्षे थांबल्याने ते सहसा खराब होत नाही, आणि विकणाऱ्याच्या हातातील हीच सर्वांत मोठी ताकद असते. शेतमालाप्रमाणे ते ठराविक आठवड्यात विकावेच लागत नाही.

आता प्रस्तावाच्या मुळाशी जाऊ. ‘फक्त मोठी झाडे’ हे शब्द ऐकायला सौम्य वाटतात. मोठी म्हणजे म्हातारी, लहान म्हणजे तरुण, तेव्हा म्हाताऱ्यांनी जागा रिकामी करून तरुणांना वाढू द्यावे, असे चित्र त्यातून मनात उभे राहते. परंतु तुमच्या लागवडीत हे चित्र खरे नाही. तिथली सगळी झाडे एकाच सुमारास लावलेली आहेत. जे झाड आज बारीक आहे, ते वयाने लहान नाही. ते शेजाऱ्याइतक्याच वयाचे असून प्रकाशाच्या स्पर्धेत मागे पडलेले आहे. 35 वर्षे दबून राहिलेल्या अशा झाडाचा शेंडा (फांद्या-पानांचा वरचा पसारा) तोकडा झालेला असतो, मुळांचा विस्तार कमी असतो, खोड उंच आणि काठीसारखे असते. त्याला अचानक ऊन मिळाले म्हणून ते जोमाने वाढेलच असे नाही. काही जातींत ते थोडे सावरते, बहुतेकदा ते तसेच रेंगाळते किंवा पहिल्या मोठ्या वाऱ्यात वाकते. खात्री करायची असेल तर वाळलेले एक जाड आणि एक बारीक झाड बुंध्याशी कापून वाढीची वर्तुळे (साधारण वर्षाला एक) मोजा. जिथे ऋतू स्पष्ट असतात तिथल्या अनेक जातींत, सागासारख्या उष्ण प्रदेशातील झाडातही, ती चांगली दिसतात. दोन्ही खोडांवर वर्तुळांची संख्या जवळपास सारखी भरेल. फरक असेल तो त्यांच्या रुंदीत.

म्हणून सर्वांत मोठी आणि सरळ झाडे उचलून नेणे हा तोडीचा सौम्य प्रकार नाही; माझ्या मते खासगी वनांचे सर्वांत खोल नुकसान याच प्रकाराने होते, कारण ते लगेच दिसत नाही. तोडीनंतरही रान हिरवे दिसते, झाडांची संख्या फारशी घटलेली नसते, आणि तरीही पुढच्या पिढीला बी देणारी उत्तम झाडे गेलेली असतात. वाकडी, रोगट, मागे पडलेली झाडे जागा अडवून बसतात. अशी तोड दोन-तीनदा झाली की त्या वनातून चांगले लाकूड मिळणे बंद होते आणि मग ‘या जमिनीत आता काही उरले नाही’ असे म्हणून ती साफ केली जाते.

तुमच्या बाजूच्या गृहीतकाकडेही तितक्याच मोकळेपणाने पाहायला हवे. हात न लावणे हाही एक निर्णय आहे आणि त्याचे परिणाम दोन्ही भागांत वेगवेगळे होतील. ओढ्याकाठच्या मिश्र रानात निरनिराळ्या जातींची आणि वयांची झाडे आहेत. एक पडले तर त्या मोकळ्या जागेत दुसरे उगवते. ते रान स्वतःचे स्वतः पाहू शकते आणि तिथे तुमचे मन बरोबर सांगते आहे. लागवडीची गोष्ट तशी नाही. वडिलांनी रोपे जवळजवळ लावली असणार, कारण लागवड करताना तसेच करतात: रोपे सरळ वाढावीत, तण दबावे आणि पुढे निवडीला वाव राहावा म्हणून. पण त्या पद्धतीत पुढे वेळोवेळी विरळणी करायची हे गृहीत असते. ती झाली नाही तर झाडे केवळ उंचीसाठी झगडत राहतात, खालच्या फांद्या मरतात, जमिनीवर उजेड पोहोचत नाही आणि खाली दुसरे काही उगवत नाही. वडिलांनी सुरू केलेले हे काम अर्धवट राहिले आहे. ते पुढे नेणे विश्वासघात कसा ठरेल, हे मला समजत नाही; त्यांनी ती झाडे कशासाठी लावली होती, हे तुम्हा दोघांपैकी कोणाला त्यांनी कधी सांगितले होते का, ते मात्र एकमेकांना जरूर विचारा.

एकाच जातीच्या दाट, समवयीन वनाला धोके किती, याचे एक उदाहरण सांगतो. स्वीडनमध्ये निम्म्याच्या आसपास वनजमीन खासगी मालकांची आहे. जानेवारी 2005 मध्ये तिथल्या दक्षिण भागात आलेल्या ‘गुद्रुन’ वादळाने सुमारे 7.5 कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवे केले. संपूर्ण देशाच्या साधारण वर्षभराच्या तोडीइतके ते होते. त्यात स्प्रूस या एकाच जातीचा वाटा फार मोठा होता आणि पडलेल्या झाडांवर साल पोखरणारे भुंगेरे वाढून त्यांनी नंतरच्या वर्षांत उभी झाडेही मारली. त्या लागवडी कोणी दुष्टपणाने केलेल्या नव्हत्या. फक्त सगळी भिस्त एकाच प्रकारच्या झाडावर होती. तुमच्या लागवडीत वाऱ्याचा धोका किती आहे याचा ढोबळ अंदाज घेता येतो: झाडाची उंची आणि छातीच्या उंचीवरचा व्यास एकाच मापात घेऊन उंचीला व्यासाने भागा. 20 मीटर उंच आणि 20 सेंटीमीटर व्यासाच्या झाडाचा भागाकार 100 येतो. मुख्यतः सूचिपर्णी लागवडींच्या अनुभवावरून 80 च्या खालचे झाड बऱ्यापैकी स्थिर आणि 100 च्या वरचे धोक्यातले मानतात. इतर जातींसाठी ही केवळ सूचना समजावी.

तर मग मार्ग कोणता? माझा स्पष्ट सल्ला असा आहे की ठेकेदाराला या प्रस्तावावर नकार कळवा, ओढ्याकाठचे रान जवळजवळ तसेच राहू द्या, आणि लागवडीत टप्प्याटप्प्याने विरळणी करा. पण विरळणीच्या आधी मोजणी हवी, कारण आपल्याकडे किती झाडे आहेत आणि ती किती वाढतात हे ज्याला माहीत नसते, त्याला ठेकेदाराच्या आकड्यावर विसंबावे लागते.

ही मोजणी तुम्ही दोघे स्वतः करू शकता. लागवडीत ठिकठिकाणी, सोयीची जागा न शोधता, सारख्या अंतरावर दहाएक खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला 5.64 मीटर लांबीची दोरी बांधून वर्तुळ फिरवा. त्या वर्तुळाचे क्षेत्र 100 चौरस मीटर भरते. आत येणारे प्रत्येक झाड, त्याची जात, जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवरचा घेर, खोड सरळ की वाकडे, शेंडा मोकळा की दबलेला, एवढे वहीत लिहा. दहा वर्तुळांची सरासरी काढून तिला 100 ने गुणले की हेक्टरी आकडा मिळतो. खुंट्या लोखंडी असाव्यात आणि नकाशावर त्यांची जागा नोंदवावी, म्हणजे 5 वर्षांनी त्याच जागी, त्याच झाडांचे माप पुन्हा घेता येते. दोन मापांमधला फरक ही तुमच्या वनाची खरी कमाई असते. हेन्री बिओली या वनाधिकाऱ्याने स्वित्झर्लंडमधील कूव्हे गावाच्या सामूहिक वनात 1890 पासून हीच शिस्त लावली: मोजायचे, बेताने तोडायचे, काही वर्षांनी पुन्हा मोजायचे आणि पुढची तोड त्या वाढीवरून ठरवायची. वाढते त्याहून अधिक तोडू नये, हे तत्त्व त्याहून जुने आहे. सॅक्सनीच्या खाणींना भट्ट्यांसाठी लाकूड पुरेनासे झाले, तेव्हा तिथल्या खाण-प्रशासनातील हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ यांनी 1713 मध्येच ते मांडले होते. बिओलीने त्या तत्त्वाला वही आणि फीत दिली. तुमच्या 3 हेक्टरला प्रत्येक झाड मोजण्याची गरज नाही, वर्तुळे पुरेशी आहेत.

मोजणी हाती आल्यावर खुणा करायच्या, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. तोडायची झाडे आधी शोधू नका. राखायची झाडे आधी निवडा: निरोगी, सरळ, उंचीच्या किमान एक-तृतीयांश भागावर हिरवा शेंडा असलेली, हेक्टरी 100 ते 150, म्हणजे साधारण 8 ते 10 मीटरवर एक. त्यांना रंगाचा पट्टा मारा. नंतर प्रत्येक राखीव झाडापाशी उभे राहून वर पाहा आणि ज्या एक-दोन शेजाऱ्यांचा शेंडा त्याच्या शेंड्यात घुसला आहे, फक्त तेवढ्यांवर तोडीची खूण करा. मधली दबलेली बारीक झाडे राखीव झाडाला त्रास देत नसतील तर ती राहू द्या. खोडाला सावली देऊन ती नको असलेले फुटवे दाबतात. इतकी वर्षे विरळणी न झालेले वन एकदम उघडे केले तर ते वाऱ्याला बळी पडते, म्हणून पहिल्या फेरीत लाकडाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढू नये, आणि पुढची फेरी शेंडे पुन्हा भिडू लागल्यावर, काही वर्षांनी करावी.

ही फेरी धाकट्या भावाला अपुरी वाटेल, कारण पहिल्या विरळणीतून निघणारे लाकूड बारीक असते आणि पैसे बेताचे येतात. त्याच्याशी या बाबतीत भावनेपेक्षा हिशेबाने बोला. झाडाचा घेर 1 मीटरवरून 1.3 मीटर झाला, तर खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ 1.69 पट होते. उंचीही थोडी वाढते, आणि जाड, गाठी नसलेल्या ओंडक्याला दर घनमीटरमागे भावही सहसा अधिक मिळतो. म्हणजे ठेकेदार आज जी झाडे मागतो आहे, ती नेमकी सर्वांत वेगाने किंमत वाढवणारी झाडे आहेत. एवढे सांगूनही त्याची गरज तातडीची असू शकते, आणि ती खोटी आहे असे मानू नका. तुम्हाला शक्य असेल तर पहिल्या विरळणीचे सगळे उत्पन्न त्याला द्या आणि तुमचा वाटा पुढच्या फेरीत घ्या, किंवा त्याचा हिस्सा रीतसर मूल्यांकन करून विकत घ्या. मात्र जमीन दोन तुकड्यांत वाटली तरी व्यवस्था एकच ठेवा. 3 हेक्टरचे दोन तुकडे वेगवेगळे विकायला आले की वाटा, यंत्रे आणि देखरेख यांचा खर्च दोन्हीकडे वाढतो आणि ठेकेदाराला दोघांशी वेगळा सौदा करता येतो.

तोडले म्हणजे मेले, हेही सर्वत्र खरे नसते. अनेक रुंदपर्णी झाडे खुंटातून पुन्हा फुटतात. इंग्लंडमधील सफोक परगण्यात ब्रॅडफिल्ड नावाचे वन आहे. तिथे 1252 पासून झाडे आळीपाळीने बुंध्याशी कापून फुटवे वाढवण्याची पद्धत चालू असल्याच्या नोंदी आहेत, आणि ते रान आजही वनस्पती-प्राण्यांनी समृद्ध आहे. स्वित्झर्लंडच्या एमेंटाल भागात शेतकऱ्यांच्या मालकीची अशी वने आहेत, जिथे एकाच तुकड्यात रोपापासून महावृक्षापर्यंत सर्व वयांची झाडे असतात आणि अधूनमधून निवडक झाडे काढली जातात. ते वन कधीच रिकामे होत नाही. तुमची लागवड काही दशकांत त्या दिशेने नेता येईल, पण त्यासाठी जातीचा स्वभाव पाहावा लागेल. सावली सोसणारी झाडे मोठ्या झाडांखाली तग धरतात. सागासारख्या प्रकाशप्रिय जातीची रोपे मात्र एकेक झाड काढून झालेल्या फटीत मरतात. त्यांना झाडाच्या उंचीइतकी किंवा त्याहून थोडी रुंद मोकळी जागा लागते. तुमची जात कोणती हे पत्रात नाही, म्हणून हा भाग जाणकाराच्या सल्ल्याने ठरवा.

अशा मोकळ्या जागी लगेच रोपे आणून लावण्याची घाई करू नका. शेजारीच मिश्र रान आहे. वारा, पक्षी आणि खारी तिथले बी आणतील. दोन वर्षांत काहीच उगवले नाही तर कारण शोधा. 2 मीटर लांब-रुंद जागेला जाळीचे कुंपण घाला. आत रोपे दिसली आणि बाहेर नाहीत, तर चराई किंवा वन्य प्राणी हे कारण आहे. आतही काही नसेल तर बी, उजेड किंवा मातीचा प्रश्न आहे. हजार रोपे विकत घेण्याआधी ही छोटी चाचणी करणे केव्हाही बरे.

ओढ्याकाठच्या रानाला ‘जवळजवळ’ तसेच ठेवा असे म्हटले, कारण थोडे काम तिथेही आहे. बाहेरून आलेल्या आक्रमक वनस्पती पसरत असतील तर त्या उपटाव्यात, पायवाटेवर धोकादायकपणे झुकलेले झाड काढावे. वठलेली, ढोल्या पडलेली, आडवी झालेली झाडे मात्र ‘साफसफाई’ म्हणून हलवू नका. फिनलंडमधील अभ्यासानुसार तिथल्या वनात राहणाऱ्या प्रजातींपैकी सुमारे 20 ते 25 टक्के प्रजाती मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत: बुरशी, भुंगेरे, ढोलीतले पक्षी. लागवडीच्या भागातही प्रत्येक फेरीत थोडी जाड झाडे मरण्यासाठीच राखून ठेवावीत. (कोरड्या प्रदेशात आगीचा धोका असतो, तिथे हद्दीवरच्या जाळरेषेत (आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात) वाळलेले लाकूड आणि पाचोळा साठू देऊ नये, आत राहू द्यावा.)

विक्रीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मालकांचे नुकसान बहुतेकदा कुऱ्हाडीपेक्षा कागदावर होते. स्वतःच्या जमिनीवरचे झाड तोडायलाही अनेक ठिकाणी परवानगी लागते आणि लाकूड वाहून नेण्यासाठी वेगळा परवाना लागू शकतो. ती चौकशी पहिली. सल्लागार वनतज्ज्ञ असा निवडा ज्याचे मानधन किती लाकूड निघते यावर ठरत नाही. उक्ता सौदा करूच नका. खुणा केलेल्या झाडांची क्रमांक, जात आणि घेर यांसह यादी करारनाम्याला जोडा आणि निदान तीन खरेदीदारांकडून लेखी भाव मागवा. खूण दोन जागी करा, एक छातीच्या उंचीवर आणि दुसरी अगदी जमिनीलगत, म्हणजे तोडीनंतर खुंट पाहून पटवता येते की झाड यादीतलेच होते. लाकूड जागेवरून हलण्याआधी पैसे जमा झाले पाहिजेत. राखीव झाडाची साल ओरबाडली किंवा ते मोडले तर भरपाई किती, हेही आधीच लिहून घ्या.

करारात मातीची काळजी लिहायची राहून जाते, आणि ती सर्वांत महाग चूक असते. जड यंत्राने जमीन दबते ती मुख्यतः पहिल्या काही फेऱ्यांतच. दबलेली माती मोकळी व्हायला दशके लागतात आणि तोवर मुळांना हवा-पाणी मिळत नाही. म्हणून लाकूड ओढून काढण्याच्या वाटा आधीच आखून द्या, यंत्राने त्या सोडू नयेत अशी अट घाला, आणि जमीन कोरडी असतानाच काम करू द्या. ओढ्याच्या दोन्ही काठांवर झाडोऱ्याचा रुंद पट्टा अस्पर्श ठेवा व ओढ्यातून ओंडके ओढण्यास सक्त मनाई करा.

शाश्वत व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राबद्दल अनेक वाचक विचारतात. एफएससी (1993) आणि पीईएफसी (1999) या दोन जागतिक व्यवस्थांत लहान मालकांना गट करून सामील होता येते, त्यामुळे खर्च विभागला जातो. प्रमाणित लाकडाला मागणी असलेला खरेदीदार आवाक्यात असेल तरच त्याचा विचार करा. कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे देणाऱ्या करारांबाबत मी अधिक सावध राहायला सांगेन: ते दीर्घ मुदतीचे असतात, जमिनीसोबत पुढच्या पिढीलाही बांधू शकतात, आणि 6 हेक्टरसाठी मोजणी-पडताळणीचा खर्च उत्पन्नाहून जड जाण्याची शक्यता असते.

या आठवड्यात ठेकेदाराला दोन ओळींचे पत्र पाठवा: उक्त्या विक्रीचा विचार नाही, मोजणी आणि खुणा झाल्यावर विरळणीच्या झाडांची यादी काढू, तेव्हा भाव द्यायचा असल्यास कळवावे. त्या पत्रावर धाकट्या भावाचीही सही घ्या, आणि ती मागण्याआधी त्याला सोबत घेऊन लागवडीत एक वर्तुळ फिरवा. फीत त्याच्या हाती द्या, नोंद तुम्ही करा. राखीव झाडांची निवडही दोघांनी मिळून करा. एखाद्या झाडावर मतभेद झाला तर या फेरीत त्याला दोघांनीही खूण करू नये आणि पुढच्या मोजणीत त्याचा घेर किती वाढला ते पाहून ठरवावे.